पानाची हिरवाई आणि कणसातला दाणा

उभ्या पिकाकडे पाहून ते किती उतरेल हे सांगणे हा आपल्याकडील फार जुना व्यवहार आहे. बांधावर उभे राहून "यंदा आठ आणे पीक आहे" असे छातीठोकपणे सांगणारे जाणते म्हातारे प्रत्येक गावात असत. सरकारी दप्तरात याच नजर-अंदाजाला आणेवारी, व पुढे पैसेवारी, असे नाव मिळाले. पैसेवारी पन्नासच्या आत आली की टंचाई आणि वर गेली की सुकाळ! सारासूट, कर्जवसुली आणि कित्येक कुटुंबांचे सबंध वर्ष त्या एका आकड्यावर अवलंबून असे. ज्या विषयाची ओळख आम्ही येथे करून देणार आहोत तो याच व्यवहाराचा नवा अवतार होय. माणसाच्या डोळ्याऐवजी एक यंत्र पिकाकडे पाहते आणि पानांनी परत पाठविलेल्या प्रकाशावरून पिकाची प्रकृती व त्याचे संभाव्य उत्पन्न सांगू पाहते. या यंत्राला वनस्पती-संवेदक म्हणतात. त्याची कसून परीक्षा झाली ती अमेरिकेत, मक्याच्या पिकावर. म्हणून प्रथम तिकडेच गेले पाहिजे.

आयोवा, इलिनॉय, इंडियाना, नेब्रास्का या व शेजारच्या संस्थानांचा मुलूख 'मक्याचा पट्टा' म्हणून प्रसिद्ध आहे. तिथला मका मुख्यतः भाजून खाण्यासाठी पिकत नाही. गुरांचे व डुकरांचे खाद्य, पिष्ट, साखरेचा पाक आणि मोटारीच्या इंधनात मिसळावयाचा मद्यार्क यांसाठी तो लागतो, आणि त्याचा भाव शिकागोच्या बाजारात ठरतो. साहजिकच पीक किती येणार हे आधी कळावे, अशी निकड शेतकऱ्यापासून दलालापर्यंत सर्वांनाच असते. तेथील शेतकऱ्याची जुनी रीत मोठी सुटसुटीत आहे. दोन ओळींत तीस इंच अंतर असेल तर एका ओळीची १७ फूट ५ इंच लांबी म्हणजे एकराचा हजारावा हिस्सा होतो. तेवढ्या लांबीतली कणसे मोजावयाची, त्यांतली काही सोलून दाण्यांच्या उभ्या ओळी व एका ओळीतले दाणे मोजावयाचे, आणि सुमारे ९० हजार दाण्यांचा एक बुशेल धरून हिशेब करावयाचा. बुशेल म्हणजे मक्याचे २५.४ किलो. समजा, ३० कणसे भरली, प्रत्येकावर १६ ओळी आणि ओळीत ३४ दाणे. तर एकरी १८१ बुशेल, म्हणजे सुमारे ४६ क्विंटल पीक. (जाता जाता एक गंमत सांगतो. कणसावरील दाण्यांच्या ओळींची संख्या नेहमी सम असते. १४, १६ किंवा १८. कारण त्या जोडीजोडीने जन्मास येतात. पुढच्या वेळी कणीस हातात आले की मोजून पाहावे.)

अमेरिकेचे कृषिखातेही नमुन्याच्या शेतांत माणसे पाठवून ताटे आणि कणसे मोजते. शितावरून भाताची परीक्षा करण्याची ही पद्धत आपल्याकडेही परकी नाही. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० नंतरच्या दशकात यदृच्छ नमुन्याने पीक कापून उत्पन्न ठरविण्याच्या पद्धतीला हिंदुस्थानात शास्त्रशुद्ध बैठक दिली, हे आम्हा मराठी माणसांना अभिमानास्पद आहे.

पण या सर्व मोजण्यांत एक अडचण आहे. दाणा मोजावयाचा तर तो आधी कणसात धरलेला असला पाहिजे, आणि तो धरला म्हणजे शेतकऱ्याच्या हातून करण्यासारखे बहुतेक काही उरलेले नसते. गुडघ्याएवढ्या पिकाला काय हवे आहे, हे त्याच वेळी कळले तर त्याचा काही उपयोग. त्या वेळी शेतात मोजण्याजोगी वस्तू एकच असते, ती म्हणजे पान.

आता पान आणि प्रकाश यांचा व्यवहार पाहू. सूर्याच्या पांढऱ्या प्रकाशातले निळे आणि तांबडे किरण पानातले हरितद्रव्य शोषून घेते व त्यांच्या बळावर हवेतील कर्बवायू आणि मुळांनी ओढलेले पाणी यांपासून साखर बनविते. हिरवा प्रकाश त्यातल्या त्यात कमी शोषला जाऊन परत येतो, म्हणून पान आपणांस हिरवे दिसते. परंतु तांबड्याच्या पलीकडेही प्रकाश आहे. विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने १८०० साली लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यावर उष्णतामापके ठेवून पाहिली, तेव्हा तांबड्या टोकाच्या बाहेर, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथेही पारा चढला. हेच अवरक्त किरण. यांपैकी तांबड्याला लागून असलेल्या किरणांचे पानाला काही काम नाही. त्यांच्या अंगी साखर घडविण्याइतकी शक्ती नसते. शोषले तर पान नुसते तापेल. पानाच्या आतल्या पोकळ्या आणि ओल्या पेशीभित्ती यांच्यामध्ये हे किरण इकडून तिकडे उसळतात आणि जवळजवळ निम्मे बाहेर फेकले जातात. म्हणजे आपले डोळे अवरक्त प्रकाश पाहू शकते तर शेत आपणांस हिरवेगार दिसण्याऐवजी झगझगीत दिसले असते.

निरोगी पान तांबडा प्रकाश गिळते आणि अवरक्त प्रकाश ओकते, ही या शास्त्राची सारी पुंजी आहे. पान पिवळे पडू लागले की हरितद्रव्य घटते आणि तांबडा प्रकाश अधिक परत येऊ लागतो. पेशी मेल्या, पान वाळले, की अवरक्ताचे परतणे कमी होते. उघड्या मातीत ही तफावत जवळजवळ नसतेच. तेव्हा दोन्ही प्रकाश मोजावे, त्यांच्या वजाबाकीला त्यांच्याच बेरजेने भागावे, म्हणजे जो आकडा येतो त्याला वनस्पती-निर्देशांक म्हणावे. तज्ज्ञ मंडळींत तो एनडीव्हीआय या अक्षरांनी ओळखला जातो. भरघोस पिकाने तांबडा प्रकाश शंभरात ५ आणि अवरक्त ५० परत दिला तर ४५ भागिले ५५, म्हणजे ०.८२. मातीने २० आणि २६ दिला तर ६ भागिले ४६, म्हणजे ०.१३. भागाकार कशासाठी, असे कोणी विचारील. ढगाची सावली आली की दोन्ही प्रकाश कमी होतात. नुसती वजाबाकी केली तर पीक एका क्षणात खंगल्यासारखे दिसेल. बेरजेने भागले म्हणजे हा दोष बव्हंशी जातो. टेक्सासमधील संशोधकांनी १९७२ साली सोडलेल्या पहिल्या लँडसॅट उपग्रहाची मोजमापे घेऊन अमेरिकेतील विस्तीर्ण गवताळ मैदानांवर हा निर्देशांक रूढ केला.

मक्याच्या बाबतीत या दृष्टीची गरज त्याच्या थोडी आधीच भासली होती. १९७० साली अमेरिकेच्या दक्षिणेकडून पानांवरील करप्याची एक साथ उठली आणि देशातील सुमारे १५ टक्के मका तिने फस्त केला. कारण मोठे बोधप्रद आहे. संकरित बियाणे तयार करताना मादी ओळींचे तुरे हाताने खुडावे लागत. ती मजुरी वाचावी म्हणून ज्याच्या तुऱ्यात पराग धरतच नाहीत असे एक वाण बहुतेक सर्व बियाणे कंपन्यांनी उचलले, आणि त्या वाणाच्या पेशीतच या बुरशीला बळी पडण्याचा दोष होता. देशभर एकाच आईची लेकरे. एकीला आजार झाला, सगळ्यांना झाला. दुसऱ्या वर्षी, १९७१ च्या हंगामात, अमेरिकन अवकाशसंस्था, कृषिखाते आणि पर्ड्यू व मिशिगन येथील विद्यापीठे यांनी सात संस्थानांवर दर पंधरवड्यास विमाने पाठवून अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या फिल्मवर मक्याची चित्रे घेतली. चांगलाच लागलेला रोग वरून ओळखता आला. नुकताच शिरलेला मात्र धड ओळखता येईना. ही मर्यादा आम्ही मुद्दाम नमूद करतो, कारण ती अद्याप संपूर्ण गेलेली नाही. याच सुमारास केरळात डॉ. पी. आर. पिशारोटी यांनी हेलिकॉप्टरमधून अशीच फिल्म वापरून नारळाच्या बागांतील मूळकुज रोगाचा माग काढला, आणि आपल्या देशातील दूरसंवेदनाचा श्रीगणेशा तेथे झाला.

उपग्रह आणि विमाने यांचा बोलबाला फार असला तरी आमच्या मते या विद्येचा खरा कस जमिनीवरच्या लहान यंत्रांत लागला, आणि तोही नत्राच्या प्रश्नावर. मका हे खादाड पीक आहे. आठ पाने पुरती उलगडल्यापासून कणसाला रेशमी झुपका येईपर्यंतच्या काळात ते नत्र झपाट्याने ओढते. कमी पडले तर उत्पन्न बुडते, म्हणून शेतकरी हात सैल सोडून खत घालतो. जास्त झालेले नत्र जमिनीत स्वस्थ बसत नाही. नायट्रेट होऊन ते पावसाबरोबर विहिरींत आणि नद्यांत उतरते. आयोवातील डॉ. हंटर कॉम्ली यांनी १९४५ साली दाखवून दिले की, नायट्रेटयुक्त विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध पाजल्याने तान्ही मुले निळी पडतात. त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्तीच जाते. म्हणून पिण्याच्या पाण्यात नायट्रेटरूपी नत्र लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर असू नये, अशी मर्यादा अमेरिकेत घातलेली आहे. तरीही नेब्रास्कातील प्लॅट नदीच्या खोऱ्यात कित्येक विहिरी ती ओलांडतात आणि आयोवातील डे मॉइन शहराला नळाच्या पाण्यातून नायट्रेट काढून टाकण्याचा स्वतंत्र कारखाना बांधावा लागला. शेताला किती खत पुरे आहे, हा प्रश्न अशा रीतीने पाळण्यातल्या मुलापर्यंत जाऊन पोहोचतो.

नेब्रास्कातील लिंकन येथे जेम्स शेपर्स आणि त्यांचे सहकारी यांनी जपानी बनावटीचे एक चिमट्यासारखे यंत्र मक्याच्या पानाला लावून पाहिले. ते पानातून दोन प्रकाश आरपार सोडून हरितद्रव्याचा आकडा सांगते. अडचण अशी की, तो आकडा वाणागणिक, हवेगणिक बदलतो. ५० म्हणजे चांगले की वाईट, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. यावर त्यांनी काढलेला तोडगा आम्हांला सबंध विषयाचे मर्म वाटतो. शेतातच एका पट्ट्याला सुरुवातीस भरपूर नत्र द्यावे. तो पट्टा म्हणजे पोटभर जेवलेला मुलगा. बाकीचे पीक त्याच्या शेजारी उभे करून पाहावे. बाकीच्याचा आकडा पट्ट्याच्या ९५ टक्क्यांहून खाली गेला तर पीक भुकेले आहे, खत द्या, नाहीतर थांबा. वाण तोच, पाऊस तोच, जमीन तीच. फरक राहिला तो फक्त नत्राचा.

एकेक पान चिमट्यात धरत शेकडो एकर कोण हिंडणार? ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातील विल्यम रॉन, मार्विन स्टोन आणि जॉन सोली यांनी ही वाट पुढे नेली. त्यांचा संवेदक ट्रॅक्टरच्या दांड्यावर बसतो आणि स्वतःचाच तांबडा व अवरक्त प्रकाश पिकावर टाकून परत आलेला भाग मोजतो. तेव्हा आभाळ असो वा रात्र असो, त्याचे काम अडत नाही. मागच्या खताच्या नळ्या त्याच्या सांगण्यानुसार जागच्या जागी कमी-अधिक सोडतात. त्यांनी प्रथम गव्हावर काम केले व नंतर मक्यावर. निर्देशांकाला पेरणीपासून वाढीस लायक अशा जितक्या दिवसांनी तो आला तितक्या दिवसांनी भागावयाचे, ही त्यांची युक्ती. दोन शेते सारखीच हिरवी आहेत, पण एकाने ती हिरवाई तीस दिवसांत मिळविली आणि दुसऱ्याला चाळीस लागले, तर पहिल्याची चाल वेगवान आहे व त्याच्याकडून अधिक दाण्याची अपेक्षा धरावी. मक्यावरचा त्यांच्या चमूचा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. आठ पानांच्या अवस्थेतील निर्देशांकाशी शेवटच्या उत्पन्नाचा संबंध सर्वांत घट्ट दिसला. शेताशेतांतील उत्पन्नात जो फरक पडला त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश एवढ्या एका मोजमापाने उलगडला. मग हिशेब सोपा होतो. समजा, भरपूर खताच्या पट्ट्याचा आकडा ०.८० आणि शेजारच्या पिकाचा ०.६४ आला. दोहोंचे गुणोत्तर १.२५, म्हणजे खताने पाव हिश्श्याने पीक वाढण्यास वाव आहे. गुणोत्तर १ च्या आसपास असेल तर जमिनीनेच नत्र पुरविले, असे समजून पोते घरी न्यावे. पावसाळी उबदार वसंतात जमीन पुष्कळ नत्र स्वतःच मोकळे करते, आणि हे दर वर्षी वेगळे असते. पंचांग पाहून ठराविक मापाने खत टाकणाऱ्याला ते कधीच कळत नाही.

मग आठ पानांनंतर, पीक पुरुषभर उंच झाल्यावर, अंदाज अधिक चांगला का येऊ नये? येथे निर्देशांकाचा एक स्वभावदोष आड येतो. पाने एकमेकांवर झाकू लागली, जमिनीच्या दर हातभर तुकड्यावर तीन-चार हात पानांचा पसारा झाला, की आलेला तांबडा प्रकाश जवळजवळ सगळाच शोषला जातो. यापुढे पाने कितीही वाढोत, आकडा ०.८-०.९ च्या घरात ठाण मांडून बसतो. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतावे तसे! बरे पीक आणि उत्तम पीक यांतला फरक तेथे बुडून जातो. त्यात तुरे निघाले की तो पिवळसर थर वरून पानांना झाकून टाकतो. यावर उपाय म्हणून तांबडा संपून अवरक्त सुरू होतो ती सीमारेषा, म्हणजे सुमारे ७०० ते ७३० नॅनोमीटरचा प्रकाश, वापरू लागले. तेथे हरितद्रव्याचे शोषण मंद असते, म्हणून दाट पिकातही फरक दिसतो. नेब्रास्कातील अनातोली गिटेलसन यांचे यावरील काम विशेष महत्त्वाचे आहे. २०१५ पासून फिरणाऱ्या युरोपीय सेंटिनेल-२ उपग्रहांत या सीमारेषेसाठी निराळे संवेदक बसविलेले आहेत.

पण दुसरा दोष यंत्राचा नाही, म्हणून तो सुधारून जाणारा नाही. संवेदक पान मोजतो, दाणा मोजत नाही. मक्याचे नशीब ठरते ते तुरा आणि रेशमी झुपका यांच्या आठ-दहा दिवसांत. झुपक्यातला प्रत्येक तंतू एकेका दाण्याचा. त्यावर पराग पडून तो आत उतरला तरच दाणा धरतो. त्या दिवसांत पाणी तुटले तर झुपके उशिरा निघतात, पराग तोवर झडून जातो, आणि हिरव्यागार ताटाला बोडके कणीस लागते. २०१२ साली अमेरिकेत असेच झाले. वसंत लवकर आला, पेरण्या लवकर आटोपल्या, मे महिन्यात कृषिखात्याने एकरी १६६ बुशेलचा, म्हणजे सुमारे ४२ क्विंटलचा, विक्रमी अंदाज दिला. जून-जुलैत पाऊस गेला आणि ऊन भाजू लागले. जुलैत अंदाज १४६ वर आला, ऑगस्टात १२३.४ वर, आणि अखेर हाती आले ते १२३.१, म्हणजे ३१ क्विंटल. मे महिन्याची हिरवाई खोटी नव्हती. जे पुढे व्हावयाचे होते ते तिला ठाऊक नव्हते, इतकेच. म्हणून हल्ली केवळ निर्देशांकावर उत्पन्न सांगत नाहीत. त्याला पाऊस, तपमान, जमिनीतील ओल आणि पीक कोणत्या अवस्थेत आहे याची जोड देतात. पाने प्रकाश वापरताना अत्यंत मंद तांबडी झळक बाहेर टाकतात, तीही उपग्रहावरून मोजता येऊ लागली आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, भर उन्हाळ्यात अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यातील ही झळक अॅमेझॉनच्या अरण्यापेक्षाही तेजस्वी असते. पान किती आहे यापेक्षा पान काम किती करते, हे ती सांगते.

हे सर्व आपल्या येवला-मालेगावकडच्या किंवा जळगाव-जालन्याच्या मक्याला लागू पडेल काय? उपग्रहाचे चित्र चौकटींचे बनलेले असते आणि एका चौकटीचा आकडा एकच. पहिल्या लँडसॅटची चौकट सुमारे दीड एकराची होती, पुढे ती नऊ गुंठ्यांवर आली, आणि सेंटिनेल-२ ची तर जवळजवळ एक गुंठ्याची आहे. आयोवात दीड एकराच्या चौकटीत मक्यावाचून काही नसे. आपल्याकडे तेवढ्यात मका, कपाशी, बांधावरची बाभूळ आणि घरचे खळे एवढे सामावते. शिवाय खरिपाचा मका वाढतो तो नेमका ढगांखाली. तरीसुद्धा हा आकडा आपल्या कागदपत्रांत येऊन बसला आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ-संहितेत पाऊस, पेरणी, जमिनीतील ओल यांच्याबरोबर वनस्पती-निर्देशांकही धरला गेला आणि २०१८ साली महाराष्ट्रात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तो या नव्या कसोट्यांच्या आधारे. पैसेवारी लावणाऱ्या डोळ्याला नातीगोती होती, यंत्राला ती नाहीत, हे खरे. पण बांधावरचे तण आणि ओढ्याकाठची वेडी बाभूळ हीही यंत्राला हिरवीच दिसतात, आणि जळालेल्या पिकात उगवलेल्या गवताने तालुक्याचा आकडा वर जाऊ शकतो. म्हणून कापणी-प्रयोगाचा विळा म्यानात घालण्याची घाई करू नये, असे आमचे मत आहे.

लहान शेतकऱ्याला आज लगेच वापरता येण्यासारखे जे साधन आहे त्यात वीज नाही की काच नाही. ती पोपटी रंगापासून गर्द हिरव्या रंगापर्यंतच्या छटांची एक प्लॅस्टिकची पट्टी आहे. भातासाठी ती प्रथम निघाली आणि पंजाबच्या कृषी विद्यापीठाने गहू व मका यांच्यासाठीही तिची शिफारस केली. मक्याच्या दहा झाडांची वरून पहिली पुरती उलगडलेली पाने घ्यावी, ती तोडू नयेत, उन्हाकडे पाठ करून स्वतःच्या सावलीत एकेक पान पट्टीशी ताडून पाहावे. दहांपैकी सहा किंवा अधिक पाने नेमून दिलेल्या छटेपेक्षा फिकी असली तर युरियाचा हप्ता द्यावा. नसली तर पुन्हा काही दिवसांनी पाहावे.